मोटारीची बॅटरी : तिचें आयुष्य व तिची निगा

शाळेच्या वार्षिकांत विज्ञानावरचा लेख म्हटला म्हणजे तो ग्रहताऱ्यांविषयीं किंवा एखाद्या मोठ्या शोधाविषयीं असावयाचा, अशी वाचकांची सहज अपेक्षा असते. या वर्षीं आम्ही नजर बरीच खालीं वळविणार आहोंत, म्हणजे मोटारीच्या बॉनेटखालीं. तेथें एका कोपऱ्यांत एक चौकोनी, जड पेटी मुकाट्यानें बसलेली असते. ती चालते तोंवर तिची कोणास आठवण होत नाहीं. ती बंद पडली म्हणजे मात्र घरांतील सर्व मंडळींस एकदमच होते. हाच विषय आम्हीं कां निवडला, हें सांगण्यासाठीं प्रथम आमच्याच एका चुकीची हकीकत सांगितली पाहिजे.

एका रात्रीची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं आषाढ महिन्यांत एका गुरुवारीं रात्रीं एक वाजण्याच्या सुमारास वसतिगृहांतील इयत्ता आठवीच्या एका मुलाच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. अंगांत ताप, वारंवार ओकाऱ्या, आणि पोटाच्या उजव्या बाजूस तो हात लावूं देईना. तालुक्याचें रुग्णालय तेथून बावीस किलोमीटरांवर. शाळेची लहान व्हॅन दाराशींच उभी होती. मुलास पांघरुणांत गुंडाळून आंत निजविलें आणि किल्ली फिरविली. गाडीनें 'कट्' असा एक आवाज केला व ती गप्प झाली. पुन्हां किल्ली फिरविली. या वेळीं तेवढाही आवाज नाहीं. बाहेर पाऊस कोसळत होता, आंत मूल कण्हत होतें, आणि आम्ही चार शिकलेले लोक त्या किल्लीकडे पाहत उभे होतों.

अखेरीस दोन मोठे विद्यार्थी चिखल तुडवीत गांवांत धांवले आणि दूध नेणाऱ्या टेंपोच्या मालकास उठवून घेऊन आले. त्या भल्या गृहस्थानें एक अक्षरही न बोलतां रिकामे कॅन खालीं उतरविले व मुलास रुग्णालयांत पोंचविलें. या सर्व धांवपळींत पाऊण तास गेला. मुलाचें आंत्रपुच्छ सुजलें होतें. पहाटे शस्त्रक्रिया झाली आणि ईश्वरकृपेनें तो बरा झाला. डॉक्टर एवढेंच म्हणाले, "वेळेवर आणलेंत, बरें झालें." आम्हीं मान खालीं घातली. ज्या वेळेस ते 'वेळेवर' म्हणत होते ती पाऊण तास उशिराची होती, हें आम्हांस ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं गॅरेजमधील वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि मागचें दार हातानें ढकललें. तें नीट लागलेलेंच नव्हतें. सोमवारीं दुपारीं तीन वाजतां पुस्तकांचे गठ्ठे उतरवून आम्हींच तें लोटलें होतें. दार अर्धवट राहिल्यामुळें छताचा इवलासा दिवा तेव्हांपासून जळत होता. मग त्यांनीं बॅटरीचीं झांकणें उघडून आंत पाहिलें. पाणी इतकें आटलें होतें कीं, शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. बॅटरीला चार वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि सहा महिन्यांत कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलें नव्हतें.

"गुरुजी," मिस्त्री म्हणाले, "बॅटरी एका रात्रींत मरत नाहीं. ती आधीं पुष्कळ दिवस आजारी असते. आपण नाडी पाहत नाहीं, एवढेंच."

त्यांचें हें वाक्य हाच या लेखाचा विषय होय.

पेटीच्या आंत काय असतें

बॅटरी ही वीज भरून ठेवण्याची टांकी आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. बॅटरींत वीज सांठविलेली नसते. रासायनिक शक्ति सांठविलेली असते, आणि मागणी होईल तेव्हां तिची वीज बनते.

साध्या मोटारीच्या बॅटरींत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यांत पट्ट्यांच्या दोन जाती असतात. एकीवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड थापलेला असतो; ती धन पट्टी. दुसरीवर स्पंजासारखें सच्छिद्र, करड्या रंगाचें शिसें असतें. ती ऋण पट्टी. दोहोंच्या मध्यें त्या एकमेकींस लागूं नयेत म्हणून सच्छिद्र पडदे असतात, आणि सर्व कांहीं पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडालेलें असतें. एका कप्प्यापासून सुमारें २.१ व्होल्ट दाब मिळतो. सहा कप्पे एकापुढें एक जोडले म्हणजे १२.६ व्होल्ट होतात. यासच आपण व्यवहारांत 'बारा व्होल्टची बॅटरी' म्हणतों.

वीज खर्च होऊं लागली म्हणजे दोन्हीं पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमूं लागतें, आम्ल खर्च होतें व पाणी वाढतें. म्हणून रिकाम्या बॅटरींतील द्रव पातळ व हलका असतो, भरलेल्या बॅटरींतील जड असतो. भरलेल्या बॅटरींतील द्रवाचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १.२८ असतें, पूर्ण रिकामी झाली म्हणजे तें १.१२ च्या आसपास येतें. गाडी चालूं लागली व वीज उलट दिशेनें आंत जाऊं लागली कीं, सल्फेट पुन्हां विरघळतें, पट्ट्या पूर्ववत् होतात आणि आम्ल परत येतें. ही जा-ये शेंकडों वेळां होऊं शकते, हेंच या पेटीचें वैशिष्ट्य.

हा शोध फ्रान्समधील गास्तों प्लांते या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लावला. त्यानें शिशाचे दोन पत्रे मध्यें कापडाच्या पट्ट्या ठेवून गुंडाळले व ते आम्लांत बुडविले. १८८१ सालीं कामीय फॉर यानें शिशाच्या ऑक्साइडचा लेप पट्टीवर थापण्याची युक्ति काढली, त्यामुळें बॅटरीची शक्ति पुष्कळ वाढली. परंतु मोटारींत तिला मानाचें स्थान मिळालें तें विसाव्या शतकांत. त्यापूर्वीं मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून लोखंडी हँडल फिरवावें लागे. इंजिननें उलट झटका दिला तर मनगट मोडत असे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें १९११ सालीं विजेचा 'सेल्फ' तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविण्यांत आला. जुन्या जीप व ट्रक यांस तो बसल्यावरही हँडल असेच. तुमच्या आजोबांस विचारा. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं तें फिरविलें असेल.

गाडींतील विजेचा संसार

घरांत मिळविणारा एक आणि खाणारीं तोंडें अनेक, अशी गाडींतील विजेची स्थिति असते. मिळविणारा तो ऑल्टरनेटर. इंजिन चालूं असलें म्हणजे तें पट्ट्यानें ऑल्टरनेटर फिरवितें. तो दिवे, पंखा, भोंगा इत्यादि सर्वांस वीज पुरवितो आणि उरलेली बॅटरींत भरतो. म्हणजे गाडी धांवत असतांना बॅटरी घर चालवीत नसते. ती गंगाजळी असते. इंजिन बंद असतांना आणि विशेषेंकरून तें सुरू करतांना मात्र सर्व भार तिच्यावर पडतो.

हा भार केवढा असतो पाहा. छतावरील पांच वॉटचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो. पुढचे दोन मोठे दिवे मिळून सुमारें दहा अँपिअर घेतात. सेल्फ मात्र लहान गाडींतही शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. सुदैवानें तें काम दोन सेकंदांचें असतें.

यावरून एक नेहमीचें कोडें उलगडतें. "दिवा तर लागतो, मग सेल्फ कां फिरत नाहीं?" असें लोक विचारतात. समजा, बॅटरीच्या टोंकावर पांढरट बुरशीसारखा थर जमला आहे आणि त्याचा विरोध केवळ ०.०२ ओहम आहे. दिव्याच्या ०.४ अँपिअर प्रवाहास त्यामुळें ०.००८ व्होल्टचा तोटा होतो; तो डोळ्यांस दिसणारही नाहीं. सेल्फच्या १५० अँपिअर प्रवाहास मात्र ३ व्होल्टचा तोटा होतो, म्हणजे बारांपैकीं नऊच उरतात. दिवा हंसतो आणि सेल्फ रडतो, याचें कारण हें. अशा वेळीं नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वीं दोन्हीं टोंकें स्वच्छ करून घट्ट बसवावींत. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें.

बॅटरी कां मरते

आपल्या हवेंत बॅटरीचें आयुष्य सामान्यतः तीन ते पांच वर्षें धरावें. तें कमी करणारे शत्रु मुख्यतः पांच आहेत.

पहिला शत्रु उष्णता. बॅटरी थंडींत मरते असा समज आहे, आणि बर्फाच्या प्रदेशांत तो खरा वाटतो. कारण थंडींत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनांतील तेल घट्ट होतें आणि दुबळी बॅटरी उघडी पडते. परंतु तिला आंतून दुबळी करते ती उष्णता. तपमान सुमारें दहा अंशांनीं वाढलें तर पट्ट्यांची झीज जवळजवळ दुप्पट वेगानें होते, असा ठोकताळा आहे. विदर्भ-खानदेशचा उन्हाळा आणि त्यांत बॉनेटखालची धग लक्षांत घेतली म्हणजे तेथें गाडी सावलींत उभी करणें हा पैसे वांचविण्याचा उपाय आहे, हें पटेल.

दुसरा शत्रु उपासमार. बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर पट्ट्यांवरील सल्फेटचे मऊ कण मोठे व कठीण होत जातात. मग ते विरघळत नाहींत, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा मेला. म्हणून उतरलेली बॅटरी 'पुढच्या आठवड्यांत पाहूं' म्हणून ठेवूं नये. त्याच दिवशीं भरून घ्यावी.

तिसरा शत्रु तहान. बॅटरी भरतांना द्रवांतील कांहीं पाणी फुटून त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायु होतात व उडून जातात. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या कीं, तेवढा भाग वाळून निकामी होतो.

चौथा शत्रु अतिभोजन. ऑल्टरनेटरचा दाब बिघडून वाढला तर बॅटरी उकळूं लागते, सडक्या अंड्यासारखा वास येतो व पाणी भराभर आटतें.

पांचवा शत्रु हादरे. बॅटरीस धरून ठेवणारी लोखंडी पट्टी सैल असेल तर खड्ड्याखड्ड्याला पट्ट्यांवरील लेप झडतो आणि तळाशीं सांचतो. आपल्या रस्त्यांविषयीं अधिक कांहीं लिहिण्याची जरुरी नाहीं.

या पांचांखेरीज आणखी एक गोष्ट घडते. गाडी रोज एक-दोन किलोमीटरच चालविली, तर वाटेंत दिवे, पंखा, वातानुकूलन यांनींच बहुतेक वीज खाऊन टाकावी आणि बॅटरीच्या वांट्यास फारच थोडी यावी, असें होतें. ती रोज थोडी थोडी उपाशी राहते. अशी गाडी आठवड्यांतून एकदां तरी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यानें चालवावी.

नाडी कशी पाहावी

वैद्य जसा नाडी पाहतो तशी बॅटरीची नाडी व्होल्टमीटरनें पाहतां येते. विजेच्या दुकानांत मिळणारा साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी कांहीं तास बंद ठेवून, सकाळीं ती सुरू करण्यापूर्वीं दोन्हीं टोंकांवर मीटर लावावा.

१२.६ किंवा अधिक व्होल्ट : बॅटरी पूर्ण भरलेली.
१२.४ व्होल्ट : सुमारें तीन चतुर्थांश.
१२.२ व्होल्ट : सुमारें अर्धी, भरून घ्यावी.
१२.० व्होल्ट किंवा कमी : जवळजवळ रिकामी.

नंतर इंजिन सुरू करून पुन्हां पाहावें. आतां आंकडा साधारणतः १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तो बारांतच राहिला तर दोष बॅटरीचा नसून ऑल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असण्याचा संभव आहे. पंधरांच्या वर गेला तर अतिभोजन चाललें आहे. कांहीं नवीन गाड्यांत संगणक हा दाब गरजेप्रमाणें कमीअधिक करतो. तेथें गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक प्रमाण मानावें.

मीटर नसला तरी डोळे व कान आहेतच. सेल्फ पूर्वीपेक्षां रेंगाळून फिरतो, तो फिरतांना दिवे फार मंद होतात, भोंग्याचा आवाज बसतो, पेटीच्या बाजू फुगतात, हीं सर्व आजाराचीं चिन्हें होत. गाडी चालूं असतांना समोर बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा लागला तर त्याचा अर्थ 'बॅटरी जुनी झाली' असा नव्हे. 'वीज भरली जात नाहीं' असा त्याचा अर्थ आहे. अनावश्यक दिवे-पंखे बंद करून जवळचें गॅरेज गांठावें. कित्येक गाड्यांत त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरतो. म्हणून उष्णतेचा कांटा वर चढूं लागला तर गाडी तेथेंच थांबवावी.

निगा राखण्याचे नियम

१. ज्या बॅटरीचीं झांकणें उघडतात तिचें पाणी महिन्यांतून एकदां पाहावें, उन्हाळ्यांत दोनदां. पट्ट्या बुडून खुणेपर्यंत पाणी हवें. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावें. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यांतील क्षार बॅटरीस विषासारखे असतात. घरीं आम्ल कधींच घालूं नये. आटतें तें पाणी, आम्ल नव्हे.

२. ज्या बॅटरीस पाणी घालावें लागत नाहीं ती उघडण्याचा खटाटोप करूं नये. तिच्यावर रंग दाखविणारा डोळा असला तरी तो एकाच कप्प्याची स्थिति सांगतो, सहांची नाहीं. म्हणून मीटरचा विसर पडूं देऊं नये.

३. टोंकांवर पांढरा-हिरवा थर जमल्यास खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून जुन्या ब्रशनें घांसावा, धुवावा, कोरडें करावें व घट्ट बसवून वर व्हॅसलीनचें पातळ बोट फिरवावें. सोडा आम्लास मारतो. परंतु तो कप्प्यांत जाऊं देऊं नये.

४. सेल्फ एका वेळीं पांच-सात सेकंदांहून अधिक दाबूं नये. गाडी सुरू न झाल्यास अर्धा मिनिट थांबून पुन्हां प्रयत्न करावा.

५. गाडी उभी करून जातांना एकदां मागें वळून पाहावें : दिवे बंद, दारें लागलेलीं.

६. फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घालावा. त्या जागीं तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास मारून दार उघडें टाकणें होय. तारेंतील प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि मग फ्यूजच्या ऐवजीं गाडी जळते. दुसराही लगेच उडाला तर तिसरा घालूं नये, दोष शोधावा.

७. झगझगीत जादा दिवे, मोठे भोंगे इत्यादि शोभेच्या वस्तु मूळ तारांस वाटेल तेथें जोडून घेऊं नयेत. त्या तारा तेवढ्या भारासाठीं केलेल्या नसतात.

८. पावसाळ्यांत उंदीर ऊब शोधीत बॉनेटखालीं शिरतात व तारा कुरतडतात. अधूनमधून बॉनेट उघडून पाहावें. पुराच्या पाण्यांत बुडालेली गाडी 'सुरू होते का पाहूं' म्हणून किल्ली फिरवूं नये. आधीं बॅटरी सोडवून मिस्त्रीस बोलवावें.

९. नवी बॅटरी घेतांना तिच्यावरील उत्पादनाचा महिना पाहावा. दुकानांत पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू रिकामी होत असते.

विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या आल्या, आतां हें सर्व कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु त्यांपैकीं बहुतेक गाड्यांतही दिवे, कुलुपें व संगणक यांच्यासाठीं बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाहीं.

सावधगिरी

बॅटरी भरतांना निघणारा हायड्रोजन वायु हवेंत शेंकडा चार भागांइतका झाला तरी ठिणगीनें पेट घेतो व पेटी फुटते. म्हणून तिच्याजवळ आगकाडी, उदबत्ती, विडी यांपैकीं कांहींही नको. द्रव पाहण्यासाठीं काडी ओढणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांचें अनुकरण करूं नये. काम करतांना अंगठी व घड्याळ काढून ठेवावें, डोळ्यांस चष्मा लावावा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडालें तर पुष्कळ पाण्यानें बराच वेळ धुवावें. डोळ्यांत गेलें असेल तर ताबडतोब डॉक्टर गांठावा.

बॅटरी सोडवितांना काळी, म्हणजे ऋण तार प्रथम काढावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. गाडीचें सर्व धातूचें अंग ऋण टोंकास जोडलेलें असतें. तांबडें टोंक सोडवितांना पाना अंगास लागला तर मोठी ठिणगी उडते, तें यामुळें टळतें. इंजिन चालूं असतांना बॅटरी कधींही सोडवूं नये. दाब एकदम उसळून गाडींतील नाजुक यंत्रें जळतात.

दुसऱ्या गाडीच्या मदतीनें सुरू करावयाचें असल्यास दोन्हीं बॅटऱ्या एकाच व्होल्टच्या आहेत हें पाहावें व दोन्हीं इंजिनें बंद ठेवावींत. तांबडी तार प्रथम मेलेल्या बॅटरीच्या धन टोंकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोंकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोंकास व शेवटीं बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावी. शेवटची ठिणगी वायूपासून दूर पडावी, हा त्यांतील हेतु. मग चांगली गाडी सुरू करून थोड्या वेळानें दुसरी सुरू करावी, आणि तारा उलट क्रमानें काढाव्या. हें सर्व वडील मंडळींच्या देखत करावें. एकट्या मुलांनीं करूं नये.

मेलेल्या बॅटरीचें काय करावें

शिसें हें विष आहे, आणि मोठ्यांपेक्षां लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून अधिक हानि होते. मुलांच्या रक्तांत शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक, असें सांगतां येत नाहीं. सुदैवानें जुन्या बॅटरींतील शिसें वितळवून पुन्हां वापरतां येतें. परंतु तें काम योग्य कारखान्यांतच झालें पाहिजे. वस्तीजवळ उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसें वितळविलें तर धूर हवेंत, धूळ अंगणांत आणि आम्ल विहिरींत जातें. आपल्या देशांत यासाठीं २००१ सालीं नियम झाले. त्यांच्या जागीं २०२२ सालीं नवे व अधिक व्यापक नियम आले. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची व्यवस्था लावण्याची जबाबदारी त्यांनीं उत्पादकांवर ठेवली आहे. तेव्हां जुनी बॅटरी नवी घेतांना अधिकृत दुकानदारासच परत द्यावी. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे अधिक देईल. पण त्या चार पैशांची किंमत कोणा दुसऱ्याच्या लेंकरानें द्यावी, असें आपणांस वाटत नाहीं.

थोडें गणित

वरील हकीकतींतील दिवा सोमवारीं दुपारीं तीनपासून गुरुवारीं रात्रीं एकपर्यंत, म्हणजे ८२ तास जळला. पांच वॉट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे ०.४१७ अँपिअर, त्यास ८२ नीं गुणिलें कीं ३४ अँपिअर-तास होतात. आमची बॅटरी नवी असतांना ३५ अँपिअर-तासांची होती. इवल्याशा दिव्यानें तिची सर्व ठेव खाल्ली होती! आतां पुढील उदाहरणें घरीं सोडवावीं.

(१) साठ वॉटचे दोन मोठे दिवे चालूं राहिले तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी किती वेळांत रिकामी होईल?

(२) गाडी बंद असतांनाही तिचें घड्याळ व संगणक ०.०३ अँपिअर वीज घेत असतात. अशी गाडी सुटींत उभी ठेवल्यास ३५ अँपिअर-तासांची बॅटरी किती दिवसांत अर्धी होईल? तीच बॅटरी जुनी होऊन २१ अँपिअर-तासांची उरली असेल तर?

(३) सेल्फनें १५० अँपिअर प्रवाह दोन सेकंद घेतला. तेवढी वीज दहा अँपिअरनें परत भरण्यास किती वेळ लागेल?

उत्तरें : (१) साडेतीन तास. (२) सुमारें २४ दिवस. जुनी असल्यास सुमारें १५ दिवस. (३) तीस सेकंद.

दुसऱ्या उदाहरणाचें उत्तर पालकांनींही पाहावें अशी विनंती आहे. मे महिन्यांत आपण गांवीं जातों व परत येऊन पाहतों तों गाडी सुरू होत नाहीं, याचें रहस्य त्यांत आहे. दीर्घ सुटीवर जातांना काळी तार सोडवून ठेवावी, किंवा शेजाऱ्यांस सांगून गाडी आठवड्यांतून एकदां फिरवून आणवावी. तार पुन्हां जोडल्यावर कांहीं गाड्यांत घड्याळ व रेडिओ नव्यानें लावावे लागतात, इतकेंच.

त्या रात्रीनंतर शाळेच्या व्हॅनच्या दाराजवळ एक पुठ्ठ्याची पाटी टांगलेली आहे. तींवर चार रकाने आहेत : तारीख, व्होल्ट, पाणी, सही. दर शनिवारीं शाळा सुटण्यापूर्वीं दोन विद्यार्थी मीटर घेऊन येतात, एक वाचतो व दुसरा लिहितो. शिक्षक सही करतात. या कामास पांच मिनिटें लागतात. पाळी ठरवितांना पहिलें नांव कोणाचें लिहावें हा प्रश्न आला, तेव्हां एक मुलगा आपण होऊन उभा राहिला. त्या रात्रीं पांघरुणांत गुंडाळून ज्यास आम्हीं आंत निजविलें होतें, तोच तो.

आम्हीं त्याचें नांव लिहिलें. पुढें पाटीवरचा आंकडा १२.३ झाला, तेव्हां तो प्रथम त्यासच दिसला. बॅटरी भरून घेतली तरी महिन्याभरांत आंकडा पुन्हां तेथेंच आला, म्हणून ती वेळेवर बदलली. त्या वेळीं घाई नव्हती, पाऊस नव्हता, कोणी कण्हत नव्हतें. निगा राखणाऱ्याच्या घरीं सांगण्यासारखी हकीकत घडत नाहीं, हेंच निगेचें फळ होय. आपल्या घरची पेटी आपण शेवटीं केव्हां उघडून पाहिली, हा प्रश्न प्रत्येक वाचकानें आज घरीं विचारावा, एवढीच आमची विनंती.